हळद लागलेली सुपारी

रुसण्यात माधवीचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिचं रुसणं आदळआपटीचं नसे. ती नुसती गप्प व्हायची, आणि आपलं काय चुकलं ते समोरच्याने आपण होऊन ओळखावं अशी तिची अपेक्षा असायची. तिचा नवरा समीर लग्नानंतरच्या पाच-सात वर्षांत ही विद्या शिकला. बाकी जगाला एवढी सवड कुठली? त्यामुळे माधवीच्या आयुष्यातून काही माणसं, आपला गुन्हा काय तेही न कळता, हद्दपार झाली होती. त्यातली पहिली रखमा. आणि पुढे पुढे तर रखमाला हद्दपार केल्याचंही माधवी विसरून गेली होती.

आठवण झाली ती बदलापूरला हेंद्रेपाड्याच्या घरातल्या माळ्यामुळे. ते माधवीचं माहेर. वडील श्रीपाद अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. आता ती जुनी इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहायचा होता, म्हणून आई, जिला सगळे माई म्हणत, ती माधवीकडे अंबरनाथला राहायला आली होती, आणि घर रिकामं करायचं काम माधवीच्या गळ्यात पडलं होतं. त्यात मुलीचं, सईचं लग्न तोंडावर आलेलं. हॉल, केटरर, साड्यांचे फॉल, पाहुण्यांच्या खोल्या, या सगळ्यातून एक रविवार चोरून मायलेकी हेंद्रेपाड्याला आल्या आणि माळ्यावर चढल्या.

"मम्मा, हे बघ, तुझा खजिना!" सईने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली दिला. झाकण गंजून घट्ट बसलं होतं. माधवीने ते चमच्याच्या दांड्याने उचकटलं.

आत दहावीचं वर्ष होतं. रंग उडालेला फ्रेंडशिप बँड, निळी रिबीन, गाईडचा बिल्ला, वासाचं खोडरबर. माधवीने ते नाकाशी नेलं. वास कधीच उडून गेला होता. खाली वर्गाचा फोटो होता. सईने तो हिसकावून घेतला आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारायला लागली. माधवी उत्साहाने सांगायला लागली खरी, पण चौथ्या-पाचव्या चेहऱ्याशीच अडखळली. "ही सुहासिनी, ही तुला माहितीये. ही... हिचं नाव काय बरं? हिच्या डब्यात रोज गुळांबा असायचा." गुळांबा आठवत होता, नाव आठवत नव्हतं. ज्या मुलींशिवाय तेव्हा मधली सुट्टी जात नसे, त्यांची आता अशी एकेका पदार्थावर ओळख राहिली होती. मोबाईलवर 'दहावी ब' नावाचा ग्रुप होता, पण त्यावर सकाळी सुविचार आणि संध्याकाळी विनोद यापलीकडे कोणी कोणाशी बोलत नसे.

"आणि ही लंबू कोण? मागच्या रांगेत?"

"ती रखमा."

"नाव काय मस्त आहे यार. ग्रुपवर आहे?"

"नाही," माधवी म्हणाली आणि कंपासपेटी उघडायला लागली. पेटीत एक गंजलेलं कर्कटक होतं, पेन्सिलीचं थोटूक होतं, आणि एक सुपारी होती. अख्खी, सुकलेली. तिच्या रेघांमध्ये कुठे कुठे पिवळा रंग अडकून राहिला होता.

"सुपारी?" सई हसायला लागली. "मम्मा, तू दहावीत सुपारी खायचीस?"

"रखमाने दिली होती. शेवटच्या पेपरला. सगळ्या एकमेकींना आठवण म्हणून काही ना काही देत होत्या, तर हिने सुपारी दिली." माधवीचा आवाज तिच्या नकळत कोरडा झाला. "दोन महिन्यांनी कळलं की लग्न करून मोकळी झाली. आम्हाला साधं बोलावलंही नाही."

सई एवढ्यावर थांबणारी नव्हती. जिचा राग तीस-बत्तीस वर्षं टिकला, ती कोणीतरी मोठी मैत्रीण असणार, हे तिने ओळखलं. तिने खोदून खोदून विचारलं, आणि धुळीने भरलेल्या त्या खोलीत पालथ्या बादलीवर बसून माधवी सांगत गेली.

रखमा बदलापूर गावातली. घरची भातशेती. शाळेत उशिरा घातलेली, त्यातून एकदा नापास झालेली, त्यामुळे वर्गात सगळ्यांपेक्षा दोन वर्षांनी मोठी आणि वीतभर उंच. पोरी तिला 'काकू' म्हणून चिडवायच्या. तिला राग यायचा नाही, किंवा आला तरी दिसायचा नाही. उन्हाळ्यात ती पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन हेंद्रेपाड्यापर्यंत चालत यायची आणि माईच्या हातात न देता थेट माधवीच्या ओंजळीत ओतायची.

आठवीत एकदा मधल्या सुट्टीनंतर माधवीला बाकावरून उठताच येईना. पांढऱ्या स्कर्टवर डाग पडला होता. पहिलीच वेळ, काय झालंय तेही धड माहीत नाही, रडायलाच आलं. वर्गात पोरं होती. रखमाने कोणाला काही न सांगता बाईंकडून दोघींची सुट्टी मागून घेतली आणि माधवीला म्हणाली, तू पुढे हो, मागं बघू नको. शाळेपासून हेंद्रेपाड्यापर्यंत ती माधवीच्या पाठीला पाठ लावल्यासारखी, एका पावलाच्या अंतराने मागे चालत आली. बाजारातून, रिक्षा स्टँडवरून, टपरीवरच्या टवाळ पोरांच्या समोरून. दारात पोचल्यावर माधवी डोळे पुसत म्हणाली होती, "तू तर माझी पाठराखीणच झालीस गं."

पाठराखीण म्हणजे नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा सोबत जाणारी मुलगी. रखमाला तो शब्द फार आवडला. "मग माझ्या लग्नात तू ये पाठराखीण," ती म्हणाली. "तेव्हा मी पुढं, तू मागं." माधवीने तिथल्या तिथे तिच्या हातावर हात मारून कबूल केलं होतं.

"आणि मग तिनं बोलावलंच नाही?" सई म्हणाली. "शिट यार."

"तेच तर," माधवी म्हणाली.

एक गोष्ट मात्र तिने सईला सांगितली नाही. त्याच वर्षी गणपतीच्या आधी, बदलापूरच्या बाजारात, हिरवा चुडा भरलेली आणि जरीच्या साडीत अवघडलेली रखमा समोरून आली होती. "माधे, ए माधे!" तिने रस्त्याच्या पलीकडून हाक मारली. माधवी नुकतीच कॉलेजला जायला लागली होती. बरोबर सुहासिनी होती आणि कॉलेजातली एक नवी, तोऱ्यात वागणारी मैत्रीण. ती मैत्रीण म्हणाली, "कोण गं ही?" आणि माधवी, जिच्या पोटात दोन महिने राग साचला होता, रखमाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "आमच्याकडे करवंदं घेऊन यायची. करवंदंवाली." रखमा रस्ता ओलांडता ओलांडता थांबली. मग वळून गर्दीत गेली. माधवीला तेव्हा बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला, चांगलं चार दिवस बरं वाटलं होतं.

सुपारी टाकायला तिचा हात कचऱ्याच्या पिशवीपर्यंत गेला. पण का कोण जाणे, तिने ती परत कंपासपेटीत ठेवली आणि पेटी पर्समध्ये.

पुढच्या आठवड्यात सईचा होणारा नवरा सुजित त्याच्या आजीला, बनूबाईंना, घेऊन अंबरनाथला आला. ही मंडळी बदलापूरजवळच्या कात्रपची. मूळची शेतकरी, शेतं गेली, तिथे इमारती आल्या, आणि घरातली पोरं नोकऱ्यांना लागली. पण बनूबाईंच्या बोलण्यातून आणि वागण्यातून गाव हललं नव्हतं. सोफ्यावर पाय वर घेऊन त्या बसल्या, चहा बशीत ओतून प्यायल्या आणि कमरेच्या पिशवीतून त्यांनी पितळेची एक डबी काढली. डबीत सुपाऱ्या होत्या. एक त्यांनी माईच्या हातावर ठेवली, एक माधवीच्या.

"घ्या विहीनबाई. लग्नाला यायचं."

माधवीला हसू आलं. "अहो आजी, लग्न आमच्याच मुलीचं. आम्हाला कसलं आमंत्रण?"

"मान हाय तो. पत्रिका काय, टपालानंबी येते. आमच्यात सुपारी हातावर ठेवली का झालं, तोंडानं बोलायलाबी लागत नाय. आन एकदा घेतली का यायलाच पायजे. यायचं नसंल तर घ्यायची नाय." मग त्यांनी डबीच्या तळातून पिवळीधम्मक सुपारी काढून सईच्या हातात दिली. "ही हलदीची. ही नवरीनं सोताच्या हातानं द्यायची, तिच्या पाठराखनीला. पयली हीच जाते. बाकीच्या मागून."

"वॉव," सई म्हणाली. "मग ही मी माझ्या बेस्ट फ्रेंडला, श्रद्धाला देणार."

माधवीने हातातली कपबशी खाली ठेवली. ती उठली, आतून पर्स घेऊन आली, कंपासपेटी उघडली आणि बनूबाईंसमोर धरली. "आजी, ही कसली आहे?"

बनूबाईंनी सुपारी उचलली, खिडकीकडे धरून फिरवली. एका बाजूला किडीने भोक पाडलं होतं. "हलदीचीच की. रेघंत हाय बघा अजून. कोनी दिली?"

"रखमा म्हणून होती. बदलापूर गावातली."

"धर्मराजाची रखमा? देवलामागचं घर? अगो, माझं म्हायेर तिथलंच." बनूबाईंचा चेहरा ओळखीने फुलला, आणि मग सुपारीकडे बघता बघता हळूहळू बदलला. "तुमाला दिली होती ही? आन तुमी गेलाव नाय?"

सुजित मोबाईलकडे बघायला लागला. सई आईकडे बघत होती.

माधवीला शाळेचं फाटक दिसत होतं. भूगोलाचा पेपर सुटलेला. खोडरबरं, बँड, रिबिनी इकडून तिकडे जात होत्या. रखमा घोळक्यात शिरली होती आणि माधवीची मूठ उघडून तिने सुपारी ठेवली होती. "हनुमान जयंतीला ये. राहायलाच ये. विसरू नको हां," एवढंच ती म्हणाली होती, आणि कानापर्यंत लाल झाली होती. सुहासिनी ओरडली होती, "काकू, आता पान पण द्या!" सगळ्या खिदळल्या होत्या. माधवीही. हनुमान जयंतीला रखमाच्या गावची जत्रा असायची, त्या जत्रेला ती दर वर्षी बोलवायची आणि माधवी कधीच जायची नाही. माधवीला वाटलं, सुपारी म्हणजे जत्रेच्या देवाचा काहीतरी प्रसाद असेल आणि तीच आठवण म्हणून दिली असेल. "नाही विसरणार," असं म्हणून तिने ती कंपासपेटीत टाकली, आणि दुसऱ्याच आठवड्यात सुट्टीला पुण्याला मामाकडे निघून गेली.

पाहुणे गेल्यावर माई म्हणाली, "हळद लावलेली सुपारी कोणी आठवण म्हणून देतं का गं? मला दाखवली असतीस तर मी सांगितलं असतं."

"तू हसशील म्हणून नाही दाखवली."

"मी कशाला हसले असते?" माई म्हणाली. "मी त्या पोरीची वाट बघायचे. तिची करवंदं तुझ्यापेक्षा मीच जास्त खाल्लीत."

त्या दुपारी माधवीने ग्रुपवर विचारलं, रखमाचा नंबर कोणाकडे आहे का. तासाभराने सुहासिनीचं उत्तर आलं: "कोण गं, ती उंच? करवंदंवाली???" आणि पुढे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे चार चेहरे. खाली आणखी दोघीतिघी हसल्या. म्हणजे ते नाव त्या दिवशी बाजारात संपलं नव्हतं. ते सगळ्या वर्गात फिरलं होतं, आणि रखमाचं तेवढंच काय ते उरलं होतं. माधवीने फोन पालथा ठेवला. तिला स्वतःची शिसारी आली.

पत्ता शेवटी बनूबाईंनीच दिला. रखमा उल्हासनगरात, चार नंबर कॅम्पात असते, सासरची माणसं गेल्यावर तिने घराच्या पुढच्या खोलीत फॉल-पिकोचं दुकान घातलंय. माधवीने दोन-चार दिवस टंगळमंगळ केली. आधी हॉलवाल्याला भेटू, आधी याद्या होऊ देत, असं स्वतःला सांगत राहिली. मग एका सकाळी उठून तिने स्वयंपाकघरात एक चांगली, गरगरीत सुपारी निवडली, वाटीत हळद कालवली आणि आपल्या हाताने ती सुपारी माखली. बोटं पिवळी झाली, ती तिने मुद्दामच नीट धुतली नाहीत. नवी सुपारी रुमालात बांधली, जुनी कंपासपेटीत होतीच. दोन्ही घेऊन ती रिक्षात बसली. रखमाने लग्नाला यावं, एवढंच तिला हवं होतं. आली, पहिल्या रांगेत बसली, सईच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, की एवढ्या वर्षांचं सगळं बुजून जाईल, असं तिच्या मनाने धरलं होतं.

दुकान गल्लीच्या टोकाला होतं. शेजारी जीन्स शिवणारा कारखाना, त्याच्या दारात निळ्या चिंध्यांचे ढीग. दुकानात साड्यांचे गठ्ठे, भिंतीवर रंगीत दोऱ्यांच्या रांगा आणि मशीनवर वाकलेली एक बाई. गल्ल्यापाशी एक सिंधी म्हातारी साडी ठेवता ठेवता त्या बाईला अदी, म्हणजे ताई, म्हणून हाक मारत होती. "अदी, आज शाम को मिलेगी ना?" "अभी आधे घंटे में आ जाओ, कर देती हूँ," मशीनवरची बाई म्हणाली आणि तिने मान वर केली. केस पांढरे झाले होते. उंची मात्र बसल्या जागीही लपत नव्हती.

म्हातारी बाहेर पडली. रखमाने चष्मा कपाळावर सरकवला.

"माधे?" ती म्हणाली.

माधवीने रस्ताभर जुळवलेली वाक्यं तिथेच संपली. ती रडायला लागली. रखमाने घाईने स्टूल पुढे केलं, पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवलं, आतून पाणी आणलं, मग चहा ठेवला. चौकशा झाल्या. रखमाचा मुलगा वाशीला नोकरीला, सून चांगली. नवरा करोनात गेला. माई आहे हे ऐकून रखमाला मनापासून बरं वाटलं. "माई मला दोन्ही हातांनी लाडू द्यायची," ती म्हणाली. "एक खायला, एक वाटेला."

चहा प्यायल्यावर माधवीने कंपासपेटी उघडली आणि सगळं सांगितलं. फाटक, भूगोलाचा पेपर, जत्रा. "मला वाटलं जत्रेचा प्रसाद आहे. मला खरंच कळलं नाही गं रखू. परवा बनूबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं."

रखमा हसली, चांगली मोठ्याने. "जत्रेचा परसाद? अगं, परसादाला खोबरं असतं! सुपारी कोण देतंय परसादाला?" हसता हसता तिने डोळे पुसले. "जत्रेला सगळे पाव्हणे गावात येतातच, म्हणून लग्न दुसऱ्या दिवशी धरलं होतं. मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलेलं, माझी पाठराखीण हेंद्रेपाड्यातनं येणार, सायबाची पोरगी. तुझ्यासाठी वेगळी गादी घातली होती. गाडी निघेपर्यंत तुझी जागा धरून बसले. शेवटी आत्तेची पोरगी बसवली, सहा वर्षांची. ती रस्ताभर ओकत होती माझ्या शालूवर."

माधवीही हसली. वाटलं, सुटलं. वाटलं, इतकं सोपं होतं आणि आपण उगाच घाबरलो.

"तेव्हा राग नाही आला?"

"राग नाय. वाईट वाटलं. सासरी पहिले दोन दिवस बोलायला कोण नव्हतं, पोरगी तर झोपूनच होती. वाटलं, माईंनी सोडली नसेल. नाहीतर आजारी पडली असशील. म्हटलं, माहेरी गेले की विचारू." रखमाने कप उचलून बाजूला ठेवले. "तेच विचारायला हाक मारली होती तुला. बाजारात."

पंखा फिरत होता. माधवीने मान खाली घातली.

"मी तेव्हा रागात होते," ती म्हणाली. "मला वाटलं, तू मला लग्नाला बोलावलंच नाहीस."

"मग विचारायचंस ना. का नाय बोलावलंस म्हणून. तोंडावर विचारायचंस, शिव्या द्यायच्यास."

"मला वाटलं, तू आपण होऊन ओळखशील."

"कसं ओळखणार गं?" रखमा म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "मी तर बोलावलं होतं."

आयुष्यभर माधवीने लोकांकडून ओळखण्याची अपेक्षा केली होती, आणि तिच्या मुठीत आणून ठेवलेलं तिला स्वतःला ओळखता आलं नव्हतं.

"मी तुला करवंदंवाली म्हणाले," ती कशीबशी म्हणाली. "माफ कर मला."

"ऐकलं होतं मी." रखमाने मशीनवरची साडी सारखी केली. "करवंदं अजून खाते मी, तसं काय नाय. कोणाला नेऊन मात्र देत नाय."

माधवीने रुमाल सोडला. नवी सुपारी तळहातावर घेऊन पुढे केली. हळद अजून ओलसर होती, तिचा डाग रुमालालाही लागला होता. "माझ्या सईचं लग्न आहे. अंबरनाथलाच. सुपारी घे, रखू. तू यायचंस. तू आलीस तर मला..."

रखमाने आपले हात पदराला पुसले. मग ते मांडीवर तसेच ठेवले.

"नको," ती म्हणाली.

"अजून राग आहे?"

"राग असता तर घेतली असती, आणि आले नसते. फिटंफाट झाली असती." ती सुपारीकडे बघत होती, माधवीकडे नाही. "सुपारी घेतली का यायला लागतं, माधे. घ्यायची आन जायचं नाय, ते मला जमत नाय. आन यायचं मनातनं येत नाय, खरं सांगते. तुझ्या हॉलात येऊन मी कोण म्हणून बसू? तुझ्या त्या बाकीच्या पोरी येतील. त्या विचारतील, कोण गं ही. तू सांगशीलही आता नीट. पण मला ते ऐकायला उभं राहायचं नाय परत."

"मी त्यांना नाही बोलावत. कोणालाच नाही बोलावत."

"वेडी का काय? पोरीचं लग्न आहे." रखमाने पहिल्यांदाच तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पोरीला माझा आशीर्वाद सांग. मनापासून देते. सुखी राहील ती."

बाहेर कारखान्यात मशीनं सुरू झाली. माधवीचा हात अजून पुढेच होता. तो मागे घ्यायचा कसा, ते तिला कळेना. शेवटी तिने सुपारी परत रुमालात बांधली. गाठ नीट बसेना, म्हणून नुसतीच मुठीत धरली.

ती उठली तेव्हा रखमा म्हणाली, "जुनी दे मात्र."

"काय?"

"जुनी सुपारी. ती माझी."

माधवीने कंपासपेटी उघडून ती काढून दिली. रखमाने ती दोन बोटांत धरली, किडीचं भोक बघितलं, तळहातावर वजन केल्यासारखी वरखाली केली. "हलकी झाली की गं," ती म्हणाली. मग मशीनचा खण उघडून तिने ती बॉबिनींच्या शेजारी ठेवली आणि खण लावून घेतला.

माधवीला वाटलं, आता काहीतरी बोलावं, परत येईन म्हणावं, नंबर मागावा. पण रखमाने चष्मा डोळ्यांवर ओढून मशीन सुरू केलं होतं. माधवी दुकानाची पायरी उतरली. मघाची सिंधी म्हातारी साडी न्यायला परत येत होती. माधवीचे रडून सुजलेले डोळे बघून ती बाजूला झाली आणि आत शिरली. माधवी पायरीखाली चप्पल घालत होती. पट्टा लागत नव्हता.

"कौन थी, अदी?" म्हातारीने आत विचारलं.

माधवीचा हात पट्ट्यावरच थांबला. रस्त्याच्या पलीकडून हाक मारणारी ती हिरव्या चुड्यातली पोरगी तिला आठवली, आणि उत्तर ऐकू येण्याआधीच्या त्या एका क्षणात ती पोरगी कशी उभी राहिली असेल तेही कळलं.

मशीन थांबलं होतं.

"सहेली थी मेरी," रखमा म्हणाली. "स्कूल में."

मग मशीन पुन्हा सुरू झालं. माधवीने पट्टा लावला आणि मागे न बघता गल्लीतून चालायला लागली. तिच्या मागे कोणी येत नव्हतं.